गारबियारांतला एक

स्वेतोझारने टाइप केलेला कागद ओतिलियाच्या पुढ्यात सरकवला. "मावशी, रविवारी मिरवणुकीआधी हे वाचायचं. आणि जरा दमाने वाच. कुत्र्यांच्या लसीची सूचना वाचल्यासारखं नको."

"कुत्रे निदान येतात तरी लस घ्यायला," ओतिलिया म्हणाली आणि तिने चष्मा लावला.

गावचा सरपंच असला तरी स्वेतोझार तिच्या डोळ्यांसमोर लहानाचा मोठा झालेला, त्यामुळे त्याचा हुद्दा तिला कधी नीट दिसलाच नव्हता. ती स्वतः कितीतरी वर्षं गावच्या कार्यालयातून भोंग्यावर बोलत होती. खांबाखांबावर भोंगे. आधी एखादं गाणं लावायचं म्हणजे लोक खिडक्या उघडतात, मग सांगायचं: उद्या पाणी नाही, बटाट्यांचा ट्रक चर्चपाशी आलाय, अमक्याचा वाढदिवस, तमक्याचं निधन. निधनाच्या आधी संथ गाणं लावायचं, नाहीतर लोक बटाट्यांच्या पिशव्या घेऊन बाहेर पडतात. हे सगळं करून ओतिलिया आता थकली होती. आवाज थकला नव्हता, बाकी सगळं थकलं होतं.

कागदावर गारबियार होते. गावात दुसरं आहेच कोण म्हणा. दगड भिरकावला तर गारबियारलाच लागणार, आणि ज्याने भिरकावला तोही गारबियारच निघणार. त्यात नावंही तीच ती, आजोबांची नातवाला. म्हणून आडनावाला गावात कोणी विचारत नाही. घरावरून माणूस ओळखायचा. वरच्या विहिरीचे, घंटेखालचे, पुलापलीकडचे. ओतिलिया वरच्या विहिरीची, लग्न करून गेली ती पुलापलीकडच्यांत. म्हणजे गारबियारांत जन्मली आणि गारबियारांतच पडली. नवऱ्याचं घर आलं आणि नवरा गेलाही, पण तिला नवीन सही काही शिकावी लागली नाही.

गावाबाहेर पांगलेल्या सगळ्यांना रविवारी बोलावलं होतं आणि शाळेच्या भिंतीवर थोर गारबियारांची संगमरवरी पाटी बसायची होती. कागदावर एक बिशप होता, जो खरं तर पलीकडच्या गावचा, पण बिशप असल्यामुळे ओढून आणलेला. कोशित्सेच्या ऑपेरात गाणारी एक बाई होती. आइस हॉकीचा एक गोलरक्षक होता, जो राष्ट्रीय संघात बहुतेक बाकावर बसूनच थोर झाला होता. आणि शेवटी प्राध्यापक युराय गारबियार, टोरांटोचे मोठे डोळ्यांचे डॉक्टर. ते स्वतः येऊन पडदा उघडणार होते.

"पाथरवटाने खाली एका ओळीची जागा ठेवलीय," स्वेतोझार म्हणाला. "चुकून कोणी राहिला असला तर."

"राहिलाय," ओतिलिया म्हणाली. "माझे बाबा."

स्वेतोझारने मान खाजवली. "मावशी, वाईट वाटून घेऊ नकोस. पण इथे प्रत्येकापुढे काहीतरी हुद्दा आहे. तुझ्या बाबांचं नावही युरायच, पण त्यापुढे काय लिहू? कैदी? तुरुंगात तेव्हा अर्धा देश होता."

"अर्धा देश स्वतःच्या गुन्ह्यासाठी होता. बाबा तुझ्या या प्राध्यापकासाठी होते."

"मग प्राध्यापकांनाच म्हणू दे तसं. शनिवारी ते तुमच्याकडे येणार आहेत. ते म्हणाले, तर त्याच दिवशी नाव कोरून घेतो. मी सांगून काय उपयोग, मी पुलापलीकडचा, लोक म्हणतील घरच्यांचं बघतो."

नवरा गेल्यापासून ती वरच्या विहिरीला बाबांकडेच राहत होती; ती घरी चालत निघाली. बाबांची छाती खाणीतल्या धुळीने भरली होती, आणि झिलिना शहरातल्या डॉक्टरने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, की नाताळपर्यंत धरून चालू नका. तिला दुसरं काही नको होतं. कानांनी ऐकू येतंय तोवर त्यांचं नाव त्यांनी एकदा त्या भोंग्यावर ऐकावं, आणि ते नाव निधनाच्या गाण्यानंतर येऊ नये, एवढंच.

गोष्ट गावात सगळ्यांना ठाऊक होती. ती ज्या साली जन्मली त्या उन्हाळ्यात पोलीस युराय गारबियारला न्यायला आले. त्यांना हवा होता घंटेखालचा युराय, वैद्यकीचा विद्यार्थी, कम्युनिस्ट सरकारविरुद्ध पत्रकं वाटणारा. पण घराचं नाव सरकारी कागदावर नसतं. गावात शिरताना पहिलं घर वरच्या विहिरीचं, तिथे त्यांनी विचारलं, आणि तिथेही एक युराय गारबियार होताच. चोर सोडून संन्याशाला फाशी. घंटेखालचा सीमा ओलांडून गेला आणि थोर झाला. वरच्या विहिरीचा सात वर्षं युरेनियमच्या खाणीत गेला. मागे ओतिलिया कैद्याची मुलगी म्हणून वाढली. शिक्षिका व्हायचं होतं तिला. अर्ज परत आला, का ते विचारायचीही कोणाची छाती नव्हती. या सगळ्याचा राग तिने इतकी वर्षं सांभाळला होता की आता राग करायचाही कंटाळा यायचा.

शनिवारी प्राध्यापक आले. उंच, वाकलेले, परदेशी बूट घातलेले, पण बोलणं अजून गावचंच. त्यांनी दारात बूट काढले आणि मोज्यांवरच आत आले, तेव्हा ओतिलियाला त्यांचा थोडा कमी राग आला. बाबा खिडकीपाशी उशांना टेकून बसले होते. दोघा म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं.

"ज्युरो," प्राध्यापक म्हणाले. गावात प्रत्येक युरायला ज्युरोच म्हणत.

"ज्युरो," बाबा म्हणाले. "बस. काय सुकलायस. तिकडे खायला देत नाहीत वाटतं."

ओतिलियाने खसखशीची पोळी कापून ठेवली आणि आलुबुखाराच्या दारूचे छोटे पेले भरले. प्राध्यापकांनी पेला हातात धरला, पण पिईनात.

"आईने मला नंतर निरोप पाठवला होता," ते म्हणाले. "की तू पोलिसांना सांगितलंस, मी एकट्याने केलं, दुसरं कोणी नव्हतं. ज्युरो, तेच धरून मी जगलो. एखादा डोळा बरा झाला, पट्टी काढली, की मी मनात म्हणायचो, हा ज्युरोचा. मी तुझं आयुष्य परत देऊ शकत नाही. पण उद्याच्या पाटीवर तुझं नाव माझ्या वर हवं. आत्ता जाऊन सरपंचाला सांगतो."

ओतिलिया चुलीपाशी उभी होती, ती स्टुलावर बसली. तिला आनंद वाटला नाही, फक्त खूप ओझं वाहून आल्यावर खाली ठेवायला जागा मिळाली तसं झालं. आता काही बोलायचं उरलं नव्हतं.

"थांब," बाबा म्हणाले. "त्यात एक घोळ आहे."

"बाबा, तुम्ही बोलू नका, दम लागेल."

"लागू दे. खोटं पेलायला आणखी दम लागतो." त्यांनी श्वास घेतला. "ज्युरो, मी तुझ्यासाठी गेलो नाही. मी डुकरासाठी गेलो."

प्राध्यापकांनी पेला खाली ठेवला.

"परवान्याशिवाय डुक्कर कापलं होतं मी. तेव्हा कसं होतं तुला माहीत आहे, सरकारला न विचारता कापलं की तुरुंग. ते दोघं पोलीस दारात येऊन म्हणाले, कशाला आलोय ते माहीतच असेल. मी म्हटलं, माहीत आहे. तळघरात मांस मिठात पुरलेलं, तेही नीट झाकलेलं नव्हतं. म्हटलं, हे आत शिरायला नकोत, म्हणून मीच आधी कोट चढवला. बरोबर कोण होतं? कोणी नाही, मी एकट्याने केलं. वाटलं, महिनाभर आत ठेवतील, दंड करतील, संपलं. झिलिनाला नेऊन पत्रकांचं विचारायला लागले. कसली पत्रकं? मला वाचायचाही कंटाळा. पण तोवर 'एकट्याने केलं'वर माझी सही झालेली."

"मग तू सांगितलं नाहीस त्यांना?"

"सांगितलं की. साहेब, मी डुकराबद्दल बोलत होतो. आधी हसले. मग मारलं. मग एक जरा बरा होता, तो म्हणाला, ठीक आहे, डुक्कर कोणी कोणी खाल्लं ती नावं दे, जाऊन विचारून येतो, खरं निघालं तर सोडतो. आता काय नावं देतोस? डुक्कर कापलं की घरोघरी वाटा जातोच. अख्ख्या गल्लीत गेला होता. म्हाताऱ्या झुझानाकडे, शाळामास्तरांकडे. सगळे आत गेले असते. तर मी म्हटलं, एकट्याने खाल्लं."

"एकट्याने. अख्खं डुक्कर."

"भूक लागली होती म्हटलं."

बाबा हसले, आणि हसण्याचा खोकला झाला. ओतिलियाने त्यांची पाठ धरली. तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: गल्लीतली ती सगळी माणसं. तिच्या आईला रस्त्यात पाहून दुसऱ्या बाजूने जाणारी. सात वर्षं एकानेही झिलिनाला जाऊन सांगितलं नाही, की साहेब, ते डुक्कर आम्ही खाल्लं. खाल्ल्या मिठाला जागणं राहिलंच, गावाने नुसती अळीमिळी गुपचिळी केली.

प्राध्यापकांनी पेला बाजूला सरकवला. मग हळू म्हणाले, "आमच्याकडेही आला होता तो वाटा. मी तेव्हा आमच्याच माळ्यावर लपलेलो. त्यानंतर आठवडाभर तिथेच होतो, आणि निघताना आईने तेच मांस भाकरीत बांधून दिलं. तू आमच्या घराचं नाव घेतलं असतंस, तर ते विचारायला आले असते. आणि वर चढले असते."

"मला काय माहीत तू वर आहेस."

"माहीत नव्हतं, म्हणून काय झालं?"

बाबांनी हात हलवला, माशी हाकलल्यासारखा. "तू आपलं पाटीवर काही लिहू नकोस. मी काही वीर नाही. झालं ते झालं."

"एक सांग," प्राध्यापकांनी विचारलं. "उन्हाळ्यात कोण कापतं डुक्कर? थंडीपर्यंत थांबला असतास, तर परवाना मिळाला असता."

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले. तेव्हा ओतिलियाला कळलं. त्या उन्हाळ्यात वरच्या विहिरीच्या घरी एकच समारंभ झाला होता.

"माझं बारसं होतं," ती म्हणाली.

"तुझ्या आईची हौस," बाबा तिच्याकडे न बघता म्हणाले. "पहिली मुलगी, लोकांना काय नुसतं कोबीचं सूप घालायचं, म्हणाली. मलाही तसंच वाटलं. तिला काही बोलू नकोस."

आई जाऊन बारा वर्षं झाली होती.

प्राध्यापक निघून गेल्यावर ओतिलियाने पेले धुतले. धुतलेलेच पुन्हा धुतले. मग पाठमोरीच म्हणाली, "पाच मिनिटं गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? मिळालं होतं तुम्हाला. हातात आलं होतं."

"दुसऱ्याचं नाव माझ्या अंगावर घालून काय करू?"

"आणि मला का नाही सांगितलंत? मी आयुष्यभर या माणसाच्या नावाने बोटं मोडली."

"बरं झालं ना. कोणाच्या तरी नावाने मोडायचीच होती." बाबांचा आवाज बसला होता. "लहान पोरीला काय सांगायचं, की बाई, तुझ्या बारशाला सात वर्षं पडली? तू मग स्वतःच्याच नावाने मोडली असतीस. मोडलीच असतीस, तुझ्या आईवर गेलीयेस."

तिने त्यांच्या उशा सारख्या केल्या, आणि त्या करताना त्यांच्या केसांवरून हात फिरवला. असं तिने मोठी झाल्यापासून कधी केलं नव्हतं. तिला त्यांचा राग आला होता, आणि रागाच्या खाली इतकी माया होती की ती त्यांच्याशेजारीच बसली.

रविवारी ती कार्यालयात गेली, तेव्हा स्वेतोझार कोट घालून हजर होता. "मावशी, झालं तुझं काम. प्राध्यापकांनी कालच फोन करून सांगितलं. पाथरवटाला रात्री बसवला मी. हा बघ नवा कागद."

शेवटची ओळ होती: युराय गारबियार, स्वातंत्र्यवीर.

हवा होता तो हुद्दा. ओतिलियाने तो दोनदा वाचला. खिडकीतून शाळेपाशी जमलेली माणसं दिसत होती. मुलं झेंडे घेऊन, बँडवाले टोप्या सारख्या करत, आणि भिंतीच्या सावलीत खुर्च्यांवर बसवलेले म्हातारे-म्हाताऱ्या. झुझाना आता नव्हती, पण तिची बहीण होती, मास्तरांची विधवा होती. ओतिलिया त्या सगळ्यांना ओळखत होती. त्यांच्या वाढदिवसांना गाणी तिनेच लावली होती.

तिने बँडचं गाणं लावलं, बटण दाबलं आणि दमाने वाचायला सुरुवात केली. बिशप झाले. ऑपेरावाली झाली. गोलरक्षक झाला, लोकांनी थोड्या टाळ्या वाजवल्या. प्राध्यापक झाले, मोठ्या टाळ्या झाल्या. मग तिने कागद पालथा ठेवला.

"आणि युराय गारबियार," ती म्हणाली, "वरच्या विहिरीचा. माझे बाबा. माझ्या बारशाला त्यांनी परवान्याशिवाय डुक्कर कापलं होतं. त्याचा वाटा तुमच्या घरी आला होता. कोणाकोणाच्या घरी, ते त्यांनी सात वर्षं मार खाऊनही सांगितलं नाही. मीही सांगणार नाही."

तिने बटण सोडलं. शेवटी गाणं लावायचं असतं ते तिला आठवलंच नाही. स्वेतोझार तोंड उघडं ठेवून उभा होता. वरच्या विहिरीपाशीही एक भोंगा होता आणि बाबांची खिडकी तिने सकाळीच उघडी ठेवली होती, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

बाहेर मिरवणुकीची वेळ होऊन गेली. बँडवाल्यांनी वाद्यं तोंडाला लावून ठेवली होती आणि ते खुर्च्यांवरच्या म्हाताऱ्यांकडे बघत होते. तिथे कोणी मान वर करत नव्हतं, आणि वाजवायला कोणी सुरुवात करत नव्हतं.