उकळ्याचं विरजण

त्याला उकळ्या हे नाव ताईने ठेवलं होतं, तेही लहानपणी. त्याचा लाकडी घोडा चिखलात पडला, तर या पठ्ठ्याने तो पातेल्यात घालून खळखळ उकळला. घोडा स्वच्छ झाला, पण रंग गेला आणि शेपूटही गेली. पुढे दोघा भावंडांनी वडिलांची डेअरी चालवायला घेतली आणि तिथे या खोडीचं चीज झालं. दारात पाय धुतल्याशिवाय कुणाला आत प्रवेश नाही, टोपीबाहेर एक केस दिसायचा नाही, आणि एखादं भांडं नुसतं कुणाच्या नजरेस पडलं तरी ते पुन्हा जंतुनाशकातून जायचं. कामगार पाठीमागे त्याला उकळ्याच म्हणत. त्याला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

कामाची वाटणी सरळ होती. दुधात जे नको ते त्याने मारायचं आणि जे हवं ते ताईने वाढवायचं. विरजण तिच्या ताब्यात. कुठल्या दुधाला कुठलं लावायचं, किती ऊब द्यायची, चीज कधी उलटायचं आणि कधी त्याच्या वाटेला जायचं नाही, हे सगळं तिच्या बोटांत आणि जिभेत होतं. उकळ्याला चव अशी नव्हतीच. त्याच्या लेखी पदार्थ दोन प्रकारचे, स्वच्छ आणि संशयास्पद.

मग ताईची दाढ दुखली. तिने अँटिबायोटिक घेतलं, दाढ बरी झाली आणि पोट गेलं. पोटातले चांगले जंतू त्या गोळ्यांनी मेले आणि एका वाईट जंतूला रान मोकळं मिळालं. त्याच्यावर आणखी कडक औषध दिलं की तो दबायचा, औषध संपलं की पुन्हा डोकं वर काढायचा. असं एकदा झालं, दोनदा झालं, तिसऱ्यांदा झालं. ताईचा सगळा दिवस संडासाच्या आसपास जायला लागला. अंगावरचे कपडे तिला मोठे व्हायला लागले. त्यातून अशा रोग्याने खाण्याच्या पदार्थांजवळ फिरकायचं नाही असा नियम. तेव्हा ती वरच्या मजल्यावरच्या खिडकीत बसून खाली अंगणात चाललेल्या कामाला नावं ठेवायची. आवाज मात्र पूर्वीइतकाच खणखणीत होता, त्यामुळे उकळ्याला बरेच दिवस परिस्थितीचा अंदाज आला नाही.

तो आला डेअरीतल्या चीजवरून. ताईशिवाय निघालेलं चीज गिऱ्हाईकं घेत होती, चव बघत होती आणि "बरं आहे" म्हणत होती. आजवर या दुकानात कुणी 'बरं आहे' म्हटलं नव्हतं. त्या दिवशी तो वर गेला आणि बहिणीकडे नीट बघितलं. तिचा हात उशीवर पडला होता, आणि तो कुणा दुसऱ्याचाच वाटत होता.

मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या की आता गोळ्यांवर गोळ्या देण्यात अर्थ नाही. निरोगी माणसाचा मळ घ्यायचा, तो गाळून दुर्बिणीच्या नळीतून हिच्या आतड्यात सोडायचा. त्यातले चांगले जंतू तिथे घर करतात आणि वाईटाला हुसकून लावतात. बहुतेकांना गुण येतो. नाही आला, तर पुढच्या वेळी आतडं काढायची पाळी येऊ शकते, किंवा त्याहून वाईट. हे शेवटचंही त्यांनी ताईसमोरच सांगितलं, कारण ताईने तसं बजावलं होतं.

उकळ्याने नकळत रुमाल काढून हात पुसले. ताई मात्र खुशीत आली.

"म्हणजे विरजण लावायचं," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाईंना ही उपमा इतकी आवडली की त्यांनी ती तिथल्या तिथे आपलीशी केली आणि पुढच्या रोग्यांनाही सांगायला लागल्या, असं नंतर कळलं.

खरी मेख पुढे होती. जगातला प्रत्येक माणूस जी वस्तू रोज सकाळी फुकट टाकून देतो, ती मिळवायला या देशात केवढा खटाटोप होता! तपासलेला मळ साठवून ठेवणारी एक पेढी होती, पण ती दूर, आणि तिच्याकडे मागणी एवढी की नंबर लागेपर्यंत रोगी एक तर बरा व्हायचा नाहीतर विषयच संपायचा. वरच्या अधिकाऱ्यांचं तर अजून ठरत नव्हतं की हे औषध धरायचं, अवयव धरायचा की आणखी काही. त्यांचं ठरेपर्यंत, औषध अनेकदा हरलेल्या रोग्यांसाठी, घरच्याच माणसाचा मळ कडक तपासण्या करून वापरायला रुग्णालयाला परवानगी होती. तीही, नळी घालणारे मोठे डॉक्टर ज्या दिवशी बाहेरून येतील त्या दिवशीच.

उकळ्याची बायको लगेच पुढे झाली. पण तिने मागच्याच महिन्यात घशासाठी गोळ्या घेतल्या होत्या, म्हणून ती बाद. घरचा असा उरला उकळ्या एकटा. जो माणूस पाहुणे गेल्यावर दाराची कडी पुसायचा, त्याला एका परक्या बाईंसमोर बसून आपल्या पोटाची इत्थंभूत हकिकत सांगावी लागली. रक्त तपासलं, मळ तपासला, पुन्हा तपासला. सगळं निर्मळ निघालं. असा दाता शोधून सापडत नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"आयुष्यात पहिल्यांदा सगळ्या विषयांत पास झालास," ताई म्हणाली. "तेही कशात, तर यात."

त्याचं तोंड लालबुंद झालं. पण घरी जाताना त्याची छाती जरा पुढे आलेली होती, हे बायकोच्या नजरेतून सुटलं नाही.

ठरलेल्या दिवसासाठी ताईला आदल्या दिवशीच रुग्णालयात घेतलं. औषध बंद केलं, पोट धुऊन रिकामं केलं. आता त्या जंतूला अडवायला आत काहीच उरलं नव्हतं. विरजण लागलं तर आजच लागायला हवं होतं. उकळ्याकडे रुग्णालयाने झाकणाचा एक डबा दिला होता आणि सकाळचं जे काही असेल ते घेऊन तडक या, एवढंच सांगितलं होतं. त्याची चिंता कुणालाच नव्हती. त्याच्या सकाळच्या वेळेवर घरातलं घड्याळ लावावं, असा त्याचा लौकिक.

तो वेळेवर गेला, वेळेवर आला आणि डबा छातीशी धरून रुग्णालयात हजर झाला. प्रयोगशाळेतल्या नर्सबाईंनी डबा घेतला. सगळं नीट आहे ना, असं त्यांनी सहज विचारलं. उकळ्याने अभिमानाने सांगितलं की अगदी नीट आहे. डबा दिसायला स्वच्छ होता, पण आपण कुणाच्या स्वच्छतेवर विसंबत नाही. वापरायच्या आधी तो डेअरीच्या जंतुनाशकात चांगला बुचकळून घेतला होता.

नर्सबाईंनी डबा टेबलावर ठेवला. मग त्यांनी विचारलं, "आणि नंतर साध्या पाण्याने धुतलात?"

उकळ्याने धुतला नव्हता. जंतुनाशक तसंच ठेवून भांड्यात विरजण घालायचं नाही, विरजण मरतं, हे तो डेअरीत नव्या कामगाराला पहिल्याच दिवशी कान धरून शिकवत असे. आणि हे तोच विसरला होता. कारण उघड होतं, आणि ते त्याला उभ्या उभ्या कळलं. सगळेजण विरजण विरजण म्हणत होते, पण त्याने त्या डब्यातल्या वस्तूला मनातून घाणच धरलं होतं. घाणीशी तो आयुष्यभर जसा वागला, तसाच आजही वागला.

तो डबा गेला कचऱ्यात. दुसरा डबा हातात आला. मोठे डॉक्टर दुपारी परत जाणार होते. डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत, हेच त्याला जास्त लागलं. त्यांनी त्याला कोपऱ्यातल्या एका संडासाकडे नेलं आणि पुन्हा प्रयत्न करा म्हणाल्या.

पण ही काय हुकमाची गोष्ट आहे? उकळ्याने गरम पाणी प्यायलं. येरझाऱ्या घातल्या. बायकोने केळी आणून दिली, ती खाल्ली. दर थोड्या वेळाने आत जायचा, आणि दर थोड्या वेळाने रिकामा डबा घेऊन असा चेहरा करून बाहेर यायचा की बाकावरची माणसं नजर दुसरीकडे वळवायची. मोठ्या डॉक्टरांचा निरोप आला, झालं का? पुन्हा आला, झालं का? दर निरोपागणिक होण्याची शक्यता मागे मागे जात होती. पलीकडच्या खोलीत ताईची वेगळीच धावपळ चालू होती.

"एका आईची दोन लेकरं," नर्सबाई वैतागून म्हणाल्या. "एकीचं थांबत नाही आणि एकाचं होत नाही."

शेवटी तो आत जाऊन बसला तो बाहेरच येईना. बायकोने दारावर टकटक केली तर आतून उत्तर नाही. तो रडत होता. आपल्या हातून ताई जाणार, असं त्याला वाटत होतं, आणि ते बाहेर येऊन कुणाला सांगायची त्याची हिंमत नव्हती. बायको काय ते समजली. तिने सरळ ताईला जाऊन सांगितलं.

ताई पलंगावरून उतरली. नर्सबाईंनी अडवून पाहिलं, मग हात टेकले. तिला झगा घातला, हातमोजे घातले, सलाइनचा खांब हातात दिला आणि संडासाच्या दारापासून थोडी लांब एक खुर्ची ठेवली. ताई त्यावर टेकली आणि तिथूनच हाक मारली.

"उकळ्या, मी आहे रे."

आत हालचाल झाली.

लहानपणी त्यांचा संडास अंगणाच्या टोकाला होता आणि उकळ्या अंधाराला भ्यायचा. तो आत गेला की ताईला बाहेर दुधाच्या उपड्या कॅनवर बसून राहावं लागायचं. तो आतून सारखा विचारायचा, ताई, आहेस का? ती म्हणायची, आहे. नुसतं आहे म्हणून कंटाळली, तेव्हा तिने एका मांजराची गोष्ट सुरू केली. हे मांजर डेअरीत नोकरीला होतं आणि दुधाला तोंड लावायचं नाही अशी त्याने शपथ घेतलेली होती. उकळ्या बाहेर आला की गोष्ट जिथल्या तिथे थांबायची, आणि पुढचं दुसऱ्या दिवशी. तो भ्यायचा थांबला आणि मांजर तसंच अर्धवट राहिलं.

"कुठवर आलो होतो आपण?" ताईने विचारलं.

आत नाक शिंकरल्याचा आवाज आला. मग आतून उत्तर आलं, "सायीच्या पातेल्यावरचं झाकण सरकलं होतं."

"बरोबर. तर मांजराने इकडं बघितलं, तिकडं बघितलं. मालक कुठं दिसेना."

ताई सांगत गेली. मांजराने झाकण सरळ करायला म्हणून पंजा घातला आणि पंजाला साय लागली. आता पंजा चाटावा तर शपथ मोडते, न चाटावा तर पंजा घाण राहतो. मांजर स्वभावाने फार स्वच्छ होतं, असं ती मुद्दाम ठासून म्हणाली. बाकावरची माणसं आता उघड उघड ऐकत होती. निरोप घेऊन आलेला वॉर्डबॉय निरोप द्यायचा विसरून भिंतीला टेकून उभा राहिला. ताईचा आवाज मधेच बारीक व्हायचा, ती थांबून श्वास घ्यायची. तिला धाप लागत होती. एकदा ती जरा जास्तच वेळ थांबली.

"ताई," आतून आवाज आला. "आहेस का?"

"आहे."

आणि मग काही क्षणांनी आतून एक असा सुस्कारा आला, की नर्सबाई हातमोजे चढवत उठल्याच.

डबा दाराच्या फटीतून बाहेर आला. उकळ्याने तो दोन्ही हातांनी धरला होता. पुसला नव्हता, धुतला नव्हता. ताईने नर्सबाईंना फक्त एवढंच सांगितलं की सांभाळून न्या, हलवू नका. डेअरीतही ती असंच म्हणायची.

विरजण लागलं. पहिले काही दिवस सगळ्यांचा जीव टांगणीला होता, पण पोट शांत राहिलं ते राहिलंच. अंगावर मांस धरायला लागलं, तपासण्या झाल्या आणि डॉक्टरीणबाईंनी डेअरीत जायची मोकळीक दिली. पहिल्याच दिवशी ताईने मधल्या काळातल्या चीजचा तुकडा तोंडात टाकला, उकळ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बरं आहे." त्याला एवढा आनंद झाला की अपमान झाल्याचं त्याच्या संध्याकाळी लक्षात आलं.

एक गोष्ट मात्र सगळ्यांच्याच नजरेत आली. ताई हल्ली नळाची तोटी दोनदा पुसायला लागली होती. उकळ्याची बायको म्हणाली, हे त्या डब्यातूनच आलं असणार, जंतूंबरोबर स्वभावही उतरला. ताईने तिला दटावलं, पण पुसायची थांबली नाही.

एका सकाळी ताई अंगणाच्या टोकाच्या त्याच जुन्या संडासात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. उकळ्याला राहवेना. तो बाहेर येऊन एक धुतलेला कॅन पुन्हा धुवायला लागला. मग तो कॅन उपडा घातला आणि त्याच्यावर बसला. आतून आवाज येतोय का, कसला येतोय, हे कान देऊन ऐकायला लागला. पुन्हा तेच सुरू झालं असेल का?

"उकळ्या," आतून ताईचा आवाज आला. "आहेस का?"

"आहे."

"जा मग कामाला. मला काही झालेलं नाही. आता सगळं तुझ्यासारखं झालंय, निवांत वेळ लागतो."

"बरं," उकळ्या म्हणाला आणि तिथेच बसून राहिला. जरा वेळाने त्याने घसा साफ केला. "पण ताई, त्या मांजराचं पुढं काय झालं?"