सोमवारी जुंपलेली गाडी

घरात कुणाला ताप आला की आपण काय म्हणतो? "येईल न् जाईल!" गौराबाईही तेच म्हणत होती, आणि तिच्याजवळ कारणही होतं. तिच्या नवऱ्याला, गुरुसिद्धप्पाला, यकृताचा कॅन्सर झाला होता. मुंबईच्या डॉक्टरांनी मांडीतल्या रक्तवाहिनीतून नळी घालून थेट गाठीत औषध सोडलं आणि घरी पाठवताना बजावलं, "थोडा ताप येईल, घाबरू नका. पण उतरलेला ताप पुन्हा चढला, थंडी वाजली, तर त्याच दिवशी रक्त तपासा." गौराबाईनं पहिलं वाक्य तेवढं पदरात बांधून आणलं. दुसरं मुंबईतच राहिलं!

परभणीकडच्या झरी गावाजवळ आपल्या मळ्यात आल्यावर ताप उतरला, घरानं सुटकेचा निःश्वास टाकला. आणि एका सकाळी गुरुसिद्धप्पा गोधडीत हुडहुडायला लागला. अंग तव्यासारखं तापलेलं.

"ह्याला आत्ताच परभणीला न्यायचं," थोरली नणंद बसम्मा म्हणाली.

विद्यापीठाच्या नामांतराच्या गडबडीत त्या दिवशी एस.टी. बंद होती. दारात बैलगाडी होती, पण वार सोमवार! महादेवाचा वार, नंदीच्या विसाव्याचा. या घरात सोमवारी बैलाच्या खांद्यावर जू ठेवत नसत. त्यात नवऱ्याच्या दुखण्यापायी गौराबाईनं नवसच केला होता, की हा नेम कधी मोडणार नाही.

"आक्का, ताप येतोय म्हणून डॉक्टरच म्हणले होते की. उद्या जाऊ. नवस मोडला अन् ह्यांचं काही वाईट झालं तर?"

आता बसम्मा म्हणजे नेमाची पक्की. सोमवारी कुणी बैलाला नुसतं दटावलं तरी घर डोक्यावर घेणारी बाई. पण आज तीच उसळली.

"मी बी होते मुंबईला, मी समदं ऐकलंय. एक ताप औषधाचा असतोय, एक जंतूचा. हात लावून तुला कळायलाय का, ह्यो कोणता हाय?"

"न्हाई."

"मला बी न्हाई. ते रक्तातूनच कळतंय. अन् गौरे, आपल्या मोठ्यांनी नेम कशापायी केला? मुक्या जिवाची दया म्हणून. आज आपला बोलता माणूस मुका व्हायलाय, त्याची दया नको?"

गौराबाईनं नवऱ्याकडं पाहिलं. त्याला हातात पाण्याचा तांब्यासुद्धा धरवत नव्हता. ती उठली आणि दारातून हाक मारली.

"लिंबाजी, गाडी जुंप!"

सालगडी लिंबाजी घुटमळला. बसम्मा स्वतः गोठ्यात गेली. बैलांच्या कपाळाला विभूती लावून म्हणाली, "आजच्या दिवस सांभाळून घ्या, बाबांनो!"

परभणीच्या डॉक्टरांनी आल्या आल्या रक्त काढलं. संध्याकाळी ते बाहेर आले तेव्हा गौराबाई जप करत भिंतीला टेकून बसली होती.

"पांढऱ्या पेशी फार वाढल्यात. सी.आर.पी. म्हणून रक्तातली एक खूण असते, अंगात सूज किंवा जंतू असले की ती वाढते. मुंबईच्या कागदांवर निघताना ती उतरलेली दिसते, आता पुन्हा वर गेलीय. शिवाय ही थंडी. हा औषधाचा ताप नाही बाई, जंतूंचाच दिसतोय. योग्य औषध सुरू केलंय. उद्यावर टाकलं असतं तर अवघड होतं!"

उद्यावर! गौराबाईनं बसम्माचा हात घट्ट धरला. पुढं ताप हटला, गुरुसिद्धप्पानं दूध-भाकरी मागितली, तेव्हा मात्र ती नणंदेच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली. असं सुखाचं रडणं तिला किती दिवसांत आलं नव्हतं.

घरी आल्यावर गुरुसिद्धप्पा हसत म्हणाला, "सोमवारी गाडी जुंपली म्हणं? नवस मोडला की!"

"कशाचा मोडला? आक्कांनी बैलांना मंगळवारी दिवसभर पेंड चारून बसवलं. त्यांचा सोमवार त्यांना मिळाला," गौराबाई म्हणाली, "अन् माझं माणूस मला!"

मंडळी, नेम जरूर पाळा. पण कॅन्सरच्या उपचारानंतरचा ताप कशाचा, हे घरात बसून ठरवू नका. डॉक्टरांकडे जा, रक्त तपासा, आणि त्याच दिवशी! बैलाचा विसावा दुसऱ्या दिवशीही देता येतो.