फेसाळलेली कुंडी

बजाजनगरात आमच्या गल्लीत त्या गुरुवारी पाय ठेवायला जागा नव्हती. जिच्या-तिच्या कडेवर लेकरासारखी कुंडी. मधोमध पाटावर, झाडांवर उपाय सांगायला दर गुरुवारी येणारे पुंजारामबुवा.

"नवरात्रात घट पिवळा पडला तर काय समजता, मायबाई?"

"वर्ष वाईट जाणार!" आम्ही एका सुरात.

"मग कुंडीतलं टमाटं पिवळं पडलं तर?"

मी माझी पिवळी पडलेली टमाट्याची कुंडी पुढं केली. बुवांनी तीत मूठभर भस्म टाकलं, वरून तीर्थ ओतलं. माती फसफसून वर आली.

"अगं बया!" मनकर्णाबाईंनी हात जोडले.

"करणी बाहेर पडली! उगवतीकडच्या शेजारणीची नजर. ही माती फेका, सिद्ध माती भरा."

सिद्ध मातीच्या पिशव्या मागं टेम्पोत तयारच होत्या. देवाला सगळं आधीच कळतं.

माझ्या उगवतीला अनवरी. मला डेंग्यू झाला तेव्हा पंधरा दिवस माझ्या घरच्या पोळ्या तिनं लाटल्या होत्या. तरी गल्लीदेखत मी तिला म्हणाले, "आमच्या गच्चीवर पुन्हा पाय ठेवू नको. तुझीच नजर लागली." अन् कुंड्यांतली माती मागच्या पडीक प्लॉटवर नेऊन ओतली.

दीड महिन्यानं गच्चीच्या कठड्यावरून पाहिलं, तर अनवरीच्या गच्चीवर रंगाच्या जुन्या डब्यांत हिरवीगार मेथी. राहवेना. "एवढी मेथी कोणत्या मातीत आली गं?"

"तुमच्याच. फेकली होती ना."

मी कठडा धरला.

"तीन साल त्याच मातीत टमाटेच लावले. तिनं द्यायचं तरी किती? मी जुन्या मुळ्या वेचल्या, माती उन्हात वाळवली, शेणखत अन् थोडी निंबोळी पेंड मिसळली. पीक बदललं. बस."

"पण तो फेस?"

तिनं खाली जाऊन खाण्याचा सोडा आणला, रिकाम्या ताटलीत टाकला, वर लिंबू पिळलं. फसफस!

"आता ताटलीवर कोणी करणी केली, सांगा. माझ्या उगवतीला तर पाण्याची टाकी हाय."

मला हसू फुटलं. ती हसली नाही.

"गल्लीत माझ्या गुलशनला कोणी घरात घेईना, भाभी. पोरगी रोज विचारते, आपण काय केलं?"

पुढच्या गुरुवारी ताटली, सोडा अन् लिंबू घेऊन मी बुवांसमोर बसले. फेस आला तसे बुवा ध्यानात गेले, मग टेम्पोत. बाया पोट धरून हसल्या. मी उभी राहिले. "अनवरीचं नाव मी घेतलं होतं. खोटं घेतलं." तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. मनकर्णाबाई खाली मान घालून साडीचा काठ चाचपत राहिल्या.

मग अनवरीच्या दारात गेले. तिनं दार उघडलं, पण आत या म्हणाली नाही. मी उंबऱ्याबाहेरूनच माफी मागितली. गुलशन आईच्या मागं उभी राहून माझ्याकडं बघत होती.

बायांनो, झाड पिवळं पडलं तर मुळाशी काय झालं ते बघा. जुनी माती फेकू नका. तिला ऊन दाखवा, खत घाला, दुसरं काही लावा. अन् कोणी बुवा एखाद्या माणसाकडं बोट दाखवील, तर आधी त्या माणसाच्या घरी जाऊन बसा, त्याच्याशी बोला. मी गेले नव्हते.