सात घरची साल

तांडापेठेतल्या त्या गल्लीत कोष्ट्यांची सात घरं, आणि सातही घरांत वच्छलाबाईचा धाक. जीभ अशी तिखट की भांडायला आलेला माणूस पाणी पिऊन परत जायचा. पण कोणाच्या घरी बाळंतीण असली, तर पहिली खीर हिच्याच चुलीवर शिजायची. त्या माघात मात्र बाईचा आवाज एकाएकी बसला. तिचा नवरा ईश्वरदास मागावर बसल्या बसल्या छाती धरून कोसळला होता.

विश्वनाथ वैद्यांनी जमलेल्या गल्लीदेखत नाडी पाहिली. म्हणाले, "काळीज थकलंय. अर्जुनाची साल दुधात उकळून द्या, पण थोडी, चिमूटभरच. आणि माणसाला खुशीत ठेवा."

अर्जुन तर परसातच उभा होता. सोळा वर्षांपूर्वी ईश्वरदासनं मौद्याकडून, कन्हानच्या काठावरून पाच कंगोऱ्यांची फळं पिशवी भरून आणली, दोन दिवस पाण्यात भिजवली आणि सातही घरांच्या विहिरीशेजारी पुरली. त्यातलं एकच रोप जगलं. दोन उन्हाळे त्यानं त्याला बादलीनं पाणी घातलं, तेव्हा गल्ली हसायची. "याचं फळ खाता येत नाही, फूल देवाला चालत नाही, काहून पोसून राहिला गा?" तो म्हणायचा, "साऊली तर देईन ना!"

आता मागच्या दारातून, खाटेवर पडल्या पडल्या त्याला तेवढंच झाड दिसायचं. पानगळ झाली होती. एक दिवस तो बायकोला म्हणाला, "वच्छले, याले नवी पालवी फुटली का मी मागावर बसतो. पाह्यजो तू."

झालं! त्या दिवसापासून वच्छलाबाईचा जीव त्या झाडाच्या शेंड्याला टांगला.

आता या लोकांची एक रीत होती. झाडाचं औषध कोणी ओरबाडून घ्यायचं नाही. आदल्या संध्याकाळी बुडाशी हळदकुंकू आणि चार तांदूळ ठेवून झाडाला आवतण द्यायचं. मग दिवस उगवायच्या आत मुक्यानं जायचं, मुक्यानं घ्यायचं, आणि आजारी माणूस उठून बसेपर्यंत कोणाला म्हणून सांगायचं नाही. सांगितलं की गुण गेला. शिवाय ज्या दुखण्याला जिथली साल: पायाला बुडाची, छातीला छातीच्या उंचीची. वच्छलाबाईनं तसंच केलं. वीतभर लांब, चार बोटं रुंद पट्टी विळ्यानं सोडवली, वाळवली, थोडी कुटली, एक तुकडा डब्यात जपून ठेवला, आणि आपल्या घरात कोणाला कळलं नाही म्हणून मनाशी खूश झाली.

गल्लीतली माणसं रोज ईश्वरदासला पाहायला यायची. पुष्पलता दूध आणायची, रुपराव कढी आणायचा, कोणी पेज, कोणी चहा. तो सगळं निमूट प्यायचा, आणि वच्छलाबाईला वाटायचं, बघा, माणसं किती मायेची आहेत.

फाल्गुन सरत आला तेव्हा अर्जुनाला पालवी फुटली. लालसर, कोवळी, लुसलुशीत. ईश्वरदास उशीला टेकून बसला, हसला. आणि चौथ्या दिवशी ती पानं माना टाकू लागली.

वच्छलाबाई विहिरीवर धावली. खोडाला हात लावला तर ओलसर गुळगुळीत लाकूड. हात फिरवत फिरवत पलीकडे गेली, तिकडेही लाकूड. पुऱ्या खोडाभोवती वीतभर रुंदीची साल गायब! अर्जुन दरवर्षी आपली साल टाकतो, म्हणून चट्टे कोणाच्या डोळ्यावर आले नव्हते. ज्याच्या आले, तो स्वतः चोर असल्यामुळे गप्प होता.

मग काय विचारता! बसलेला आवाज परत आला. "कोन्या मेल्यानं केलं रे हे? सोळा वर्साचं झाड! माह्या माणसाचा जीव त्याच्यावर हाये, अन् तुमी त्याचा गळा कापला! समोर या, नाही तर एकेकाच्या घरात शिरते!"

गल्ली जमली. पण कोणी भांडेना. रुपराव घरात गेला आणि उरलेल्या सालीचा तुकडा घेऊन आला. "काकू, कढीत घालत होतो. काकासाठी." मग पुष्पलता आली. "मी दुधात." मग एकामागून एक. प्रत्येकानं आवतण दिलं होतं, प्रत्येकानं मुक्यानं घेतलं होतं, आणि आधीच्याची जखम अंधारात चाचपून शेजारची चांगली साल निवडली होती. सहा घरं, सहा तुकडे.

वच्छलाबाईनं ते खोडाला लावून पाहिले. एक जागा उरली, बरोबर चार बोटांची. सगळे एकमेकांकडे पाहू लागले. बाई घरात गेली, डब्यातला तुकडा घेऊन आली आणि तिनं तो त्या जागी टेकवला. रडू तिला आवरेना.

"रडू नका काकू," रुपराव म्हणाला. माग बंद पडला की हा काटोलकडे संत्र्याच्या बगिच्यात डोळे भरायला, म्हणजे कलमं बांधायला जायचा, त्यात त्याचा हात बसला होता. "वरचा रस खाली उतरत नाही, एवढंच. मधात पूल टाकला तर उतरन."

वच्छलाबाईनं पदरानं डोळे पुसले. "म्हणजे सांधणीच म्हण ना. ताणा तुटला म्हणून आपण लुगडं फेकतो का?"

रुपरावनं शेंड्याच्या हिरव्या काड्या उतरवल्या, दोन्ही टोकांना तिरपा काप दिला. वरच्या सालीच्या ओठाखाली एक टोक, खालच्या ओठाखाली दुसरं. प्रत्येक घरानं आपापल्या जखमेवर आपली काडी बसवली. जन्मभर तुटलेले धागे जोडलेली बोटं ती, कुठं ढिलं सोडणार? सुतानं बांधलं, शेणमातीनं लिंपलं, वरून वच्छलाबाईचं जुनं लुगडं गुंडाळलं. आणि सगळ्यांनी ठरवलं, ओरडा कानावर गेला असला तरी साल कोणी काढली ते काकाला सांगायचं नाही.

चैत्र संपता संपता पानं ताठ झाली. ईश्वरदासही काठी धरून परसात आला आणि त्यानं आधी ते लुगडंच सोडलं. त्यानं एकेका सांध्यावर बोट फिरवलं. सहा काड्या हिरव्या, फुगलेल्या. सातवी पार वाळून गेलेली.

"हा तुया हातचा सांधा," तो म्हणाला. "गाठ डावीकडं मारतं तू."

"हाव," तिनं वाळलेली काडी चाचपली. "अन् साल बी माह्याच हातानं काढली. मी सगळ्यायले शिव्या दिल्या, अन् चोर मीच. माह्या हाताले यशच नाही, अजी."

तो विहिरीच्या कट्ट्यावर टेकला. दम घेत म्हणाला, "मले पहिल्या दिवसापासून मालूम व्हतं."

"काय?"

"कढी तुरट, दूध लाल, पेज तुरट. सात घरचा काढा पेऊन राहिलो ना मी, चव काय लपते? पुष्पलतेले म्हणावं वाटे, बाई, बस कर, झाडाले त्रास होईन. पण ती अशी मायेनं उभी राहे का माह्यानं बोलवलंच नाही. रुपरावले सांगावं तर तेच. एकाले जरी 'नको' म्हणलो असतो, तर हे झाड असं सोललं नसतं. तू काय चोर वं, मीच पेऊन राहिलो त्याले."

दोन महिने दोघं एकमेकांपासून तेच लपवत होती.

ईश्वरदासनं वाळलेली काडी अलगद उपटून टाकली. "जा, रुपरावची सुरी आण. ताजी काडी घे. साल अजून लाकडापासून सुटून राहिली."

ती सगळं घेऊन आली. सुरी चालवण्याएवढा जोर त्याच्या हातात नव्हता, म्हणून त्यानं सालीचा ओठ नुसता उचलून धरला आणि काडी तिनं सरकवली. सवयीनं तिनं तोंड घट्ट मिटून घेतलं होतं.

"मुक्यानं नको," ईश्वरदास म्हणाला. "या बारीनं बोलत बोलत लाव."