दिवाळीचा रंग

ओसरीत उभं राहून मधुकररावांनी खिडकीच्या फटीत पटाशी घातली आणि हातोडी मारली. हिरव्या रंगाचा पापुद्रा सुटला. खाली पिवळा, त्याखाली पुन्हा हिरवा. तीन दिवस हेच चाललं होतं. बोटं सोलवटली होती, आणि आता तर जीव अगदी मेटाकुटीला आला होता.

इंग्रज साहेबांच्या काळातल्या या बंगल्याचा अर्धा भाग त्यांनी बासष्ट साली भाड्यानं घेतला, तेव्हा ही वर सरकणारी खिडकी एका बोटानं उघडायची. पुढे ती घट्ट बसली ती बसलीच. आत पलंगावर त्यांच्या पत्नी रंभाबाई उशांना टेकून धापा टाकत होत्या. दम्यापायी महिनाभर त्यांना आडवं होऊन झोपता आलं नव्हतं. मोकळी हवा पाहिजे, असं धंतोलीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि त्या खोलीला दुसरी खिडकीच नव्हती.

बारा वर्षं रंभाबाई ती उघडा म्हणत होत्या, आणि बारा वर्षं मधुकररावांचं एकच पालुपद: लाकूड फुगलंय, त्याला माणूस काय करणार! दर दिवाळीला मात्र ते मोठ्या हौसेनं ती बंद खिडकी आतबाहेरून रंगवायचे आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवायचे.

शेवटचा पापुद्रा निघाला. खालचं सागवान खडखडीत कोरडं होतं, कुठेच फुगलेलं नव्हतं. मधुकरराव बघतच राहिले.

त्यांनी दोन्ही हातांनी तावदान वर रेटलं. ते कुरकुरत सरकलं आणि गार वारा आत गेला. तावदान वर तोलून धरणाऱ्या चौकटीतल्या दोऱ्या मात्र कधीच कुजून तुटल्या होत्या. हात काढला की तावदान धाडकन खाली आलं असतं.

"लाकूड नव्हतं फुगलं," खाली बघत ते म्हणाले. "माह्याच रंगानं चिकटली होती."

"मले ठाऊक होतं."

"मंग बोलली काहून नाही वं?"

"बोलली होती. दुसऱ्याच दिवाळीले. तुम्ही दोन दिवस जेवले नव्हते."

मधुकररावांना ते आठवलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्यांना. काही तरी बोलायला हवं म्हणून त्यांनी मान वर केली, तर रंभाबाई उशांवरून घसरून कुशीवर झाल्या होत्या. डोळा लागला होता.

टेकू द्यायला काठी होती, पण ती मागच्या अंगणात. हाक मारली असती तर शेजारच्या कुणीही आणून दिली असती. मधुकररावांनी हाक मारली नाही. एक हात दुखला की दुसऱ्यावर भार घेत, उन्हं कलली तरी ते तावदान धरून उभे होते.