छावणीतला खोकला

तर झालं असं, त्या साली केजकडं पाण्याचा टिपूस न्हवता अन् सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी टाकलती. जनावरांपाशी घरचं एक माणूस राहायचंच, असा नियम. शिवकन्या तिच्या दोन बैलांपाशी अन् गाईपाशी राहिली. नवरा बंकट सांजच्याला भाकरी घेऊन यायचा. घरी असला की त्यो आधी कडी लावायचा, मग टीव्ही मोठा करायचा अन् मग हात उचलायचा. पण छावणीत कडी कुठली? हिच्या अन् शेजारच्या मालनबाईच्या मधी नुसती जुनी साडी बांधल्याली!

पहिल्यांदा बंकटनं तिचे केस धरले तवा साडीपलीकडून मालनबाई खोकली. नुसती खोकली, बस. मग तिच्या पलीकडची पारूबाई खोकली. मग बायांची अख्खी लाईन, ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत! बंकटचा हात वरच्या वर राहिला. "काय बे, बायांना साथ आली का," असं पुटपुटत गेला निघून.

तवापास्नं त्यो यायचा, भाकरी ठेवायचा, दात खायचा अन् जायचा. शिवकन्याच्या अंगावरचे वळ पिवळे पडले, मग गेलेच. बाया लई खूश. "आपल्या खोकल्याला औषध न्हाई," पारूबाई हसायची.

अन् मग कळलं, छावणी बंद होणार. लोकांना घरची ओढ, कुणी तर गूळ वाटला. शिवकन्यानं मात्र हातातला गूळ बैलाला चारला. बंकट आला, दावं सोडता सोडता हळूच म्हणला, "चल आता. बघू घरी कोण खोकतंय."

ती दावणीपाशी बसली ती उठंचना. सोसायटीचे चेअरमन आले. "पोरी, घरातलं घरात मिटवावं."

"घरात बघायला कोण होतं, अण्णा?" ती म्हणली अन् बायांकडं वळली. "मालनमावशी, हितं तर समद्यांनी ऐकलंय ना? मंग आता तोंडानं बोला की. केजला ठाण्यात चला, तितं सांगा."

लाईनीतल्या बाया दावी सोडायला वाकल्या. खोकणं सोपं असतंय हो, त्यात कुणाचं नाव नसतंय! पारूबाईनं जनावरं न्यायला आलेल्या आपल्या नवऱ्याकडं बघितलं अन् पदर तोंडात धरला. बंकट हसला.

तेवढ्यात मालनबाई उठली. "चपला कुठंयत माझ्या? ऐकलंय मी. शिव्या सुदिक पाठ हायेत."

केजला जाणाऱ्या जीपमधी दोघीच बसल्या. बंकट खिडकीशी आला. "परत कुठं येशील? दार तर माझंच हाय."

शिवकन्यानं मालनबाईकडं बघितलं.

"माझ्याकडं, धारूरला," मालनबाई म्हणली. "माझं दार मोडकं हाय, कडी लागतच न्हाई."

जीप हलली, अन् मागं कुणीतरी खोकलं.

"थांबा जरा," शिवकन्या जीपवाल्याला म्हणली. "पारूबाई असंल. येईल."

जीप थांबली. धुरळा खाली बसला. कुणी आलं न्हाई.

"चला," ती म्हणली.