पत्रात नसलेलं वाक्य

"उर्वीला मराठी लिहिता येत नव्हतं," आसावरीबाई म्हणाल्या.

कोर्टाच्या कॉरिडॉरमधल्या बाकावर त्या आणि शुभा बसल्या होत्या. खटला सोमवारी सुरू होणार होता. तयारीसाठी सरकारी वकिलीणबाईंनी दोघींना बोलावलं होतं. पुण्याहून कालच आलेल्या आसावरीबाईंना ते पत्र आज पहिल्यांदा दाखवलं गेलं. 'हे तुमच्या मुलीचं अक्षर आहे का?' या प्रश्नावर त्या पाणी पिऊन येते म्हणून बाहेर आल्या होत्या.

"मस्कतमध्ये वाढली ती. बोलायची छान, पण लिहायला शिकवायचं राहूनच गेलं. सामानाची यादीसुद्धा इंग्लिशमध्ये करायची." त्यांनी शुभाकडे पाहिलं. "तुम्ही लिहिलंत ना?"

"हो," शुभा म्हणाली.

शुभा त्रेसष्ट वर्षांची. नगरला जिल्हा परिषदेत तिने तीस वर्षं नोकरी केली होती. यजमान गेल्यावर मुलाने, निमिषने, तिला अमेरिकेत, टेक्ससमधल्या अर्विंगला आणलं. उर्वी आणि तिचा नवरा यतीन त्याच कॉम्प्लेक्समध्ये वरच्या मजल्यावर राहायचे. सगळे ऑफिसला गेले की उर्वी अकराच्या चहाला यायची. काकू, काकू करत ओट्याशी उभी राहून बोलायची. दोन वर्षं रोजचं बोलणं होतं. पण ती काय लिहिते, कशात लिहिते, हे शुभाला कधी कळायचं कारणच पडलं नाही.

फेब्रुवारीत उर्वी बाहेरच्या जिन्याखाली मेलेली सापडली. पाय घसरला, असं यतीन म्हणाला. पोलीस तेवढ्यावर फाइल बंद करणार, असं ऐकल्यावर शुभाने दार लावून घेतलं आणि उर्वीच्या नावाने मराठीत एक पत्र लिहिलं: यतीनपासून माझ्या जिवाला धोका आहे. नुसत्या ऐकीव बोलण्याला पुरावा कोण मानणार, असं तिला वाटलं. पत्र उर्वीनेच आपल्याकडे ठेवायला दिलं होतं, असं तिने पोलिसांना सांगितलं. यतीनला अटक झाली. जुळवून पाहायला उर्वीचं मराठी अक्षर कुणाकडेच नव्हतं. ते का नव्हतं, हे कुणी विचारलं नाही.

"त्यातलं खरं किती?" आसावरीबाईंनी विचारलं.

"सगळं. तिने मला सांगितलं तसंच."

"कधी सांगितलं?"

"ऑक्टोबरमध्ये."

आसावरीबाईंनी महिने मोजले असावेत. "मग तेव्हा का नाही बोललात? मला एक फोन तरी करायचा होतात."

यतीन निमिषच्याच ऑफिसात होता, दोघं एका गाडीने जायचे. 'आई, प्लीज, त्यांच्या मॅटरमध्ये पडू नकोस,' असं निमिष म्हणाला होता, हे खरं. पण त्याने म्हणायच्या आधीच तिने ते ठरवलं होतं.

"मला आत जाऊन हो म्हणायचंय," आसावरीबाई हळूच म्हणाल्या. "तिचंच अक्षर आहे म्हणून सांगते. म्हणू?"

त्या खरोखरच विचारत होत्या. शुभा उठली. या बाईलाही आपण खोट्यात ओढलं, एवढंच तिला त्या क्षणी दिसलं.

"नको. मी सांगते."

आत जाऊन तिने सांगितलं. वकिलीणबाईंनी पेन खाली ठेवलं. हे आता यतीनच्या वकिलाला कळवावंच लागेल, असं त्या म्हणाल्या.

खटल्यात शुभाला बोलावलं ते यतीनच्या वकिलाने. निमिषने तिच्यासाठी वेगळा वकील केला होता. तो म्हणाला होता, उत्तर द्यायला नकार द्या; नाहीतर तुमच्यावरच केस होईल. तिने ऐकलं नाही. शेजारी दुभाष्या बसला होता. यतीन समोर होता, नवीन सूटमध्ये. त्याने तिच्याकडे पाहिलंही नाही.

"हे पत्र खोटं आहे?" यतीनच्या वकिलाने विचारलं.

"मी लिहिलं. पण त्यातलं बोलणं तिचं आहे."

"तिने हे सगळं सांगितलं असेल, तर तुम्ही काय केलंत?"

तिसऱ्या रांगेत आसावरीबाई बसल्या होत्या.

"काही नाही."

"तिला काही म्हणालात?"

"ती म्हणाली, काकू, हा एक दिवस मला जिन्यावरून ढकलून देईल. मी म्हणाले, थोडं ॲडजस्ट कर."

दुभाष्याने वाक्य इंग्लिशमध्ये सांगायला सुरुवात केली. पण त्यातला एक शब्द ज्यूरीला आधीच कळला होता. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्या बाईने डोळे मिटून घेतले.

यतीन सुटला. जिथे एक पुरावा बनावट निघाला, तिथे बाकीच्यांवर कोण विश्वास ठेवणार?

निकालाच्या दुपारी पार्किंग लॉटमध्ये डांबर तापलं होतं. निमिष गाडी आणायला गेला. आसावरीबाई समोरून येताना दिसल्या तशी शुभा बाजूला सरकली. त्या तिच्या पुढ्यात येऊन थांबल्या.

"उद्याची फ्लाइट आहे."

"मला माफ—"

"ते राहू दे." त्यांचा आवाज अगदी थकलेला होता. "ती तुमच्याकडे रोज यायची. माझ्याशी फोनवर फक्त बरंय म्हणायची. काय काय बोलायची, ते मला सांगा. सगळं."

"इथे?"

"इथेच."

निमिषने गाडी आणून उभी केली. शुभाने त्याला हाताने थांबायला सांगितलं. मग पहिल्या दिवशी उर्वी विरजणाला दह्याची कवडी मागायला आली होती, तिथपासून ती सांगू लागली.

आसावरीबाई उन्हात उभ्या राहून ऐकत होत्या.